माझाच जुना काप

रात्रीच्या वादळात गुलमोहराची मोठी फांदी कोसळली, असा सकाळी फोन आला. कोणाला लागलं नव्हतं, कुंपण तेवढं आडवं झालं होतं. "ताई, ११ वर्षांपूर्वी तुम्हीच हे झाड छाटलं होतंत. किती नीटनेटकं काम होतं ते. म्हणून तुम्हालाच बोलावलं," काका म्हणाले. मला ती बाग पक्की आठवत होती. स्वतंत्रपणे कामं घ्यायला लागले, त्या पहिल्याच वर्षातली.

फांदी मांडीएवढी जाड होती. मोडलेल्या तोंडाशी बसले. आतलं लाकूड तपकिरी, भुसभुशीत, बोटाने उकरलं तरी निघेल असं. आणि त्या कुजक्या भागाच्या एका अंगाला हिरवट रंगाचा पापुद्रा चिकटलेला. तो ऑइलपेंट मी लावलेला होता. इथून एक बाजूची फांदी मी काढली होती, करवत मुख्य फांदीला सपाट टेकवून, अगदी सालीलगत. वरून हात फिरवला तर खुंट लागू नये, असा काप. त्यावर रंगाचे दोन हात. तेव्हा तो मला फार देखणा वाटला होता.

फांदी जिथून फुटते तिथे तळाशी किंचित फुगीर कडं असतं. आम्ही त्याला कॉलर म्हणतो. वरच्या बगलेत सालीची खरबरीत वळी उठलेली असते, तिच्यावरून कडं कुठे सुरू होतं ते ओळखायचं. जखम मिटवण्याची झाडाची सगळी तयारी त्या कड्यातच असते. मी फांदीबरोबर ते कडंही कापून काढलं होतं.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजलेलं लाकूड झाड पुन्हा चांगलं करू शकत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे पाहिलं आणि १९७० च्या दशकात मांडलं. जखमेवर रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. मी हे सगळं वाचलं ते फार उशिरा. त्या सकाळी मात्र ते माझ्यासमोर मोडून पडलं होतं. कुजक्या गाभ्याभोवती एक काळपट रेघ होती. रेघेच्या आत सगळं मऊ, बाहेर फिकट, टणक, निरोगी लाकूड. ते बाहेरचं लाकूड माझ्या कापानंतरच्या ११ वर्षांत झाडाने घातलेलं होतं. त्याने शिकस्त केली होती. पण मी जखमच एवढी रुंद केली होती की कडा एकमेकींना भेटल्याच नाहीत. रंगाला चिरा गेल्या आणि पाणी त्याच्यामागे साचत राहिलं.

शिडी लावून वर गेले. त्याच दिवशी घेतलेला दुसरा एक काप तिथे होता. दुबेळक्यात करवत नीट बसत नव्हती म्हणून तिथे बोटभर लाकूड बाहेर राहिलं होतं, आणि काम कच्चं राहिलं म्हणून तेव्हा माझ्या जिवाला लागलं होतं. तो काप पूर्ण मिटला होता. चहूबाजूंनी सालीची गोल वळी चढून मधे फक्त एक खळगी उरली होती. लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. मी बराच वेळ शिडीवरच थांबले.

खाली येऊन काकांना सगळं सांगितलं, काप माझाच होता हेही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता वरून निम्मं झाडच उतरवून टाका. पुन्हा भीती नको."

घाबरलेला माणूस हेच सांगतो, आणि हेच करायचं नसतं. शेंडे सरसकट उडवले की खुंटांवर धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. ते जोमाने वाढतात, पण वरवरच्या थरातून फुटल्यामुळे त्यांचा जोड कच्चा असतो. खाली खुंट कुजत असतो आणि वर ओझं वाढत असतं. शिवाय पानं हेच झाडाचं पोट. जिवंत पाला एका वेळी चौथा हिस्सा काढला तरी खूप झालं. खोड ठोकून पाहिलं तर ते शाबूत होतं. म्हणून ठरवलं की मोडक्या फांदीचा उरलेला तुकडा खोडाच्या कॉलरपर्यंत काढायचा आणि समोरच्या लांब फांदीचं टोक एखाद्या बऱ्यापैकी जाड उपफांदीपर्यंत आखूड करायचं. बस्स, एवढंच. काकांना पटायला चहाएवढा वेळ लागला.

त्या वेळात त्यांनी आंबा दाखवला. तीन वर्षं मोहर नाही. दर हिवाळ्यात गुलाबाबरोबर त्यालाही गोल कातरत होते. आंब्याचा मोहर मुरलेल्या काडीच्या शेंड्यावर येतो आणि त्यांची कात्री दरवर्षी नेमके तेच शेंडे घेऊन जात होती. फळं उतरली की लगेच छाटा, म्हणजे नवी फूट मुरायला अवधी मिळतो, असं सांगितलं. गुलाब, मोगरा, जास्वंद नव्या फुटीवर फुलतात, त्यांना ती हिवाळी छाटणी मानवत होती. एकाच्या वेळापत्रकावर दुसऱ्याला बसवलं की असं होतं.

मग तुकडा काढायला घेतला. बरोबरच्या मुलाला करवत दिली. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून, जाडीच्या पाव भागापर्यंत. मग थोडं पुढे सरकून वरून. वजन खाली गेलं आणि साल ओरबाडली गेली नाही. आता उरला खुंट. मी सालीच्या वळीवर अंगठा ठेवला, कड्याच्या खालच्या टोकावर तर्जनी, आणि दोन्हींच्या बाहेरून खडूने तिरकी रेघ ओढली.

"ताई, अजून थोडं आत घेऊ? बाहेर आल्यासारखं दिसतंय."

"नको. रेघेवरच."

काप उतरला. काका खालून म्हणाले, "रंग आणू का? घरात आहे."

"नको काका, उघडाच राहू दे. पुढच्या वर्षी कडा किती आत आल्यात ते बघायला येते."