टाके घातल्यावर पुढं काय?

मी संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात कॅज्युअल्टीला ब्रदर आहे, नाईट जास्त असतात. मारामारीच्या केसेस इतक्या बघितल्यात की जखम बघून कळतं कशानं झाली, फायटर (बोटांत घालायचा लोखंडी पंजा) लागला की भुवई फुटून सुजते, बिअरच्या बाटलीनं कापलं की कडा वेड्यावाकड्या होतात आणि टाके घालायला डॉक्टरला डबल वेळ लागतो. गेल्या आठवड्यात गल्लीच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला, गुंडगिरी लई वाढली, पोलीस काय करू लागलेत, सगळ्यांना तडीपार करा, धिंड काढा. म्हणून हे लिहायला बसलो.

एका रविवारचं सांगतो. रात्री साडेअकराला एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं आलं, डाव्या दंडावर कटरचा वार, वरून बांधलेला रुमाल रक्तानं वाळून कडक झालेला. नऊ टाके पडले. मी हात धरून होतो पण त्याचं सगळं ध्यान मोबाईलवर, दर मिनिटाला वाजायचा. गेटवर तीन बाईक, एकीचं इंजिन चालूच. "लवकर मार ना दादा टाके, पोरं थांबलीत." जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, बटन खाल्लेलं होतं हे दिसतच होतं. (बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या, नशेला खातात, आमच्याकडं शाळेतल्या लेकरालाही हा शब्द माहितीय.) एमएलसी केली (मेडिको-लीगल केस, मारामारीच्या जखमेची पोलिसांसाठीची नोंद), चौकीला फोन केला, टीटीचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली, सोडून दिलं. त्याची आई बाहेर बाकड्यावर होती, मला म्हणाली, "भाऊ, आजची रात ठेवून घ्या ना याला." मी म्हणालो, "मावशी, ॲडमिट करण्यासारखं काही नाही."

दोन वाजता दुसरा आला, पोटात चाकू. दोघांच्या कागदावर गल्ली एकच. तो वाचला, आतडं कापावं लागलं त्याचं.

मधले अडीच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. काय होणार हे त्या आईला कळलं होतं, सिक्युरिटीवाल्या काकांना कळलं होतं, मलाही कळलं होतं, आणि ते थांबवणं आमच्यापैकी कुणाचंच काम नव्हतं. मस्साजोगचं आठवा. ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्कीच्या जागेवर भांडण झालं, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले आणि ९ तारखेला त्यांचा खून झाला. मध्ये तीन दिवस होते. आपण सगळे ९ तारखेवर बोलतो, त्या तीन दिवसांवर कुणी बोलत नाही.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली त्यांच्याबद्दल मी खूप वाचत असतो. स्कॉटलंडमधलं ग्लासगो, कारखाने बंद पडलेलं गरीब शहर, पोरं चाकू घेऊन फिरायची, युरोपची खुनांची राजधानी म्हणायचे त्याला. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच ठरवलं की हिंसेकडं साथीच्या रोगासारखं बघायचं, एकाकडून दुसऱ्याला लागते, मग लागण मध्येच तोडायची. २००८ ला टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावून बसवलं, खटल्यासाठी नाही, ऐकवायला. पोलीस म्हणाले आता एकानं वार केला तर अख्ख्या टोळीच्या मागं लागू. जखमा शिवणारे डॉक्टर बोलले, एक आई बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला, सुटायचं असेल तर इथं फोन करा, काम, शिक्षण, व्यसन, सगळ्याला मदत मिळेल. २०१५ पासून तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत माणसं ठेवली, नॅव्हिगेटर म्हणतात त्यांना, काहीजण स्वतः त्याच आयुष्यातून बाहेर आलेले. जखमी पोरगं आलं की त्याच्याजवळ बसायचं, एवढंच काम. २००५ नंतरच्या दहा वर्षांत स्कॉटलंडमधले खून साधारण निम्म्यावर आले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती आईच आठवली, ती माझ्याकडं नेमकं हेच मागत होती.

दुसरं ब्रिटनमधलंच शहर, कार्डिफ. तिथले एक सर्जन जोनाथन शेफर्ड, फुटलेले जबडे दुरुस्त करणारे, त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणाऱ्या कित्येक मारामाऱ्या पोलिसांपर्यंत जातच नाहीत. मग रिसेप्शनवरच विचारायला सुरुवात केली, कुठं झालं, किती वाजता, कशानं मारलं. नाव काढून टाकायचं आणि बाकीची माहिती पोलिसांना, महापालिकेला द्यायची. त्यावरून बंदोबस्त कुठं लावायचा ते ठरलं, बारमधले काचेचे ग्लास बदलायला लावले. २०११ ला अभ्यास छापून आला, तशाच १४ शहरांशी तुलना केली तर मारामारीमुळं ॲडमिट होणारे कार्डिफात ४२ टक्क्यांनी कमी निघाले.

आपल्या एमएलसीत जागेच्या रकान्यात काय असतं? "रस्त्यावर". बस. आणि तो कागद फक्त केस पुरता जातो, महिन्याचे शंभर कागद शेजारी ठेवून कुणी बघत नाही. मी काही महिने माझ्याच वहीत जागा, वेळ आणि हत्यार लिहून ठेवलं, नावं नाही. फिरून फिरून त्याच तीन-चार जागा येतात. एक बिअर शॉपीमागचं मैदान, लाईट नाही. एक चौक, जिथं मध्यरात्री तलवारीनं केक कापून भाईचा बड्डे होतो. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवरून हंड्यानं फोडलेली डोकी, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसल्यावर दुसरं काय होणार. कंपन्यांचा पगार झाला की वाळूजकडून येणाऱ्या केसेस. यातल्या निम्म्या गोष्टींना तर पोलीसही लागत नाहीत, मैदानात दोन हायमास्ट लागतात आणि टँकर वेळेवर लागतो.

तडीपारीला माझा विरोध नाही. काही लोक आत किंवा बाहेरच पाहिजेत आणि कट्टे, तलवारी जप्त व्हायलाच पाहिजेत. पण तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची, इथून काढलेला जालन्यात राहतो, तिथून रील टाकतो आणि इकडं त्याच्या जागी सतरा वर्षांचं दुसरं तयार होतं.

आपल्याला हे परकंही नाही. आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, भांडण बांधावर असतानाच गावातली माणसं मध्ये पडायची, बक्षिसं मिळायची गावांना. माझ्या मामाच्या गावात धुऱ्याचं बारा वर्षांचं भांडण असंच मिटलेलं मी बघितलंय, तेही तलाठ्यानं मोजणीचा कागद घेऊन तीन वेळा चकरा मारल्यावर. शहराला मात्र तंटामुक्ती समिती नाही. आमच्या गल्लीत भांडण मिटवायला भाईकडंच जावं लागतं आणि तो नंतर त्याची किंमत वसूल करतो.

मला महापालिका आणि पोलीस आयुक्तालयाकडून दोनच गोष्टी पाहिजेत. सगळ्या मोठ्या दवाखान्यांच्या एमएलसीतली जागा आणि वेळ महिन्याला एका टेबलावर यावी, नावांशिवाय. आणि रात्री आठ ते पहाटे चार कॅज्युअल्टीत एक माणूस पाहिजे, वर्दीतला नको, ज्याला वस्ती ओळखते, ज्याला त्या पोराच्या मामाला, जुन्या सरांना, कबड्डीच्या कोचला उठवून आणता येईल. शक्यतो स्वतः कधी वार खाल्लेला. तो नंतर पोराला व्यसनमुक्तीला नेईल, कामाला लावेल, एमआयडीसीत हेल्परची जागा शोधणं एवढं अवघड नाही.

तोपर्यंत मी एवढंच करू लागलोय की पट्टी जरा सावकाश करतो. डॉक्टरना सांगून सलाईन लावतो, तास-दीड तास जातो, गेटवरच्या बाईक कंटाळून निघून जातात, कधी कधी. टाके काढायला सात-आठ दिवसांनी परत यावंच लागतं, तेव्हा नशा उतरलेली असते आणि पोरगं एकटं असतं, बोलतं. येत्या सोमवारी एक येणार आहे. त्याच्या मामाचा नंबर घेऊन ठेवलाय, मामा म्हणालेत दहाला येतो.