काल म्हणजे कुठला काल?

कालची तारीख सांगायला माणसाला विचार करावा लागत नाही. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवरच्या, कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र त्यासाठी आधी १६०१ सालापर्यंत जाऊन यावं लागतं.

मी नवखा असताना सरळ एक वजा केला होता. तारीख आठ अंकी, समजा २०२४०३०१. एक गेला, उरले २०२४०३००. मार्च महिन्याची शून्य तारीख! प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. त्याच्या लेखी तो नुसता आकडा होता आणि वजाबाकी तर बरोबरच होती.

जुने लोक हे हातानेच करत. बारा महिन्यांच्या दिवसांचा तक्ता, दिवस शून्य झाला की महिना मागे, महिना शून्य झाला की वर्ष मागे, आणि मग लीप वर्षाची भानगड. त्यातली गंमत २००० साली दिसली. ज्यांनी वर्षाला फक्त चाराने भागलं होतं, त्यांचं गणित बरोबर आलं. शतकाचं वर्ष लीप नसतं एवढंच ज्यांनी वाचलं होतं आणि चारशेचा अपवाद वाचला नव्हता, ते हुशार लोक एकोणतीस फेब्रुवारीला आपटले.

पुढे १९८९ साली कोबोलच्या स्टँडर्डमध्ये तयार फंक्शनची भर पडली. ‘इंटिजर-ऑफ-डेट’ला तारीख द्यायची, ते १ जानेवारी १६०१ हा पहिला दिवस धरून आकडा देतं. १ मार्च २०२४ म्हणजे १,५४,५५८. त्यातून खुशाल एक वजा करा आणि ‘डेट-ऑफ-इंटिजर’कडे द्या, २०२४०२२९ हातात. १६०१चा तो पहिला दिवस सोमवार होता, त्यामुळे आकड्याला सातने भागून उरलेल्या बाकीत वारही मिळतो. इथे बाकी पाच, म्हणजे शुक्रवार. मला तरी ही युक्ती अजून सुंदर वाटते. फक्त आयबीएमच्या ‘सीईईडेज’ या अशाच दिवस मोजणाऱ्या फंक्शनची गाठ यात घालू नये. त्याची मोजणी १५ ऑक्टोबर १५८२पासून, आणि दोन्हींत ६,६५३ दिवसांचा फरक. एकाचा आकडा दुसऱ्याला दिला की तारीख अठरा वर्षं सरकते.

एवढं सगळं जमलं तरी धंद्यातला ‘काल’ वेगळाच. सोमवारचा काल शुक्रवार असतो. रात्री पावणेबाराला सुरू झालेली बॅच, म्हणजे आपोआप चालणारी कामांची रांग, बारा वाजून गेल्यावर मशीनला तारीख विचारते, तेव्हा तिचा ‘आज’च बदललेला असतो. म्हणून शहाणे लोक मशीनला तारीख विचारतच नाहीत, कंट्रोल कार्डावर, म्हणजे कामासोबत दिलेल्या सूचनेच्या ओळीत, लिहून देतात.

आमच्या बॅचमधल्या एका कामाला, म्हणजे जॉबला, ते कार्ड नव्हतं. रात्री दोनला ऑपरेटरचा फोन आला. “सर, जॉब पडलाय, रीरन करतो. पण काल म्हणजे कुठला काल धरू?”

मी अर्धवट झोपेत होतो. म्हटलं, “थांबा जरा,” आणि दिवा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिलो.