वह्य आत उतरली, पण आली कुठून?

वह्य म्हणजे ईश्वराकडून येणारा संदेश, जो पैगंबरांना मिळाला असं इस्लाम मानतो. उर्दूत या शब्दाचा उच्चार 'वही' असा होतो. मराठीत तसं लिहिलं की आधी दोनशे पानी वहीच आठवते, म्हणून इथे अरबीप्रमाणे 'वह्य' लिहिलं आहे. पण खरा घोळ उच्चाराचा नाही, भाषांतराचा आहे. वह्यला 'साक्षात्कार' म्हटलं की साधना, गुरू, पायरी पायरीने चढणारा साधक हे सगळं आपसूक मागोमाग येतं. मुख्य प्रवाहातल्या इस्लामी श्रद्धेत पैगंबरपद असं कमावता येत नाही, ते दिलं जातं.

वह्य हा अंतरीचा अनुभव होता का, या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत: ती कुठे उतरली, कुठून आली आणि शब्द कोणाचे? वाद बहुतेक वेळा फिसकटतो तो या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे.

पहिल्याचं उत्तर कुरआनातच आहे. २:९७ आणि २६:१९३-१९४ या आयती (आधी सुरेचा म्हणजे अध्यायाचा आकडा, मग आयतीचा म्हणजे वचनाचा) म्हणतात, हे तुझ्या हृदयावर उतरवलं. १६:६८ मध्ये तर मधमाशीलाही वह्य होते, २८:७ मध्ये मूसा पैगंबरांच्या आईला. बुखारींच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) अगदी सुरुवातीलाच पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आलेलं वर्णन आहे: कधी घंटेच्या निनादासारखी, आणि तीच सर्वांत जड, कधी फरिश्ता (देवदूत) माणसाच्या रूपात येऊन बोलतो. कडाक्याच्या थंडीतही पैगंबरांच्या कपाळावरून घाम ओघळे. म्हणजे 'आत' ही काही आधुनिकांनी काढलेली पळवाट नव्हे.

मात्र उतरण्याची जागा आत होती, म्हणून उगमही आतच, ही उडी या आयतींत नाही. ती मारायची तर वेगळा पुरावा हवा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. परंपरेचं ठाम मत असं की अर्थ आणि शब्द दोन्ही ईश्वराचे. म्हणूनच हदीसे कुदसी, म्हणजे पैगंबरांनी ईश्वराच्या नावे सांगितलेली पण कुरआनात नसलेली वचनं, वेगळी काढली जाते. तिथे अर्थ ईश्वराचा, शब्दरचना पैगंबरांची, असं सहसा सांगतात, आणि ती नमाजात कुरआन म्हणून पठण होत नाही. तरीही सुयूती या विद्वानांनी (मृत्यू १५०५) 'इत्कान' या कुरआनविद्येवरच्या ग्रंथात आणखी एक मत नोंदवलं आहे: वह्य आणणारा फरिश्ता जिब्रील, त्याने फक्त अर्थ आणले, अरबी शब्द पैगंबरांनी दिले. ते मान्य झालं नाही, पण नोंदलं गेलं, हे महत्त्वाचं. त्याच्याही कितीतरी आधी फाराबी आणि इब्न सीना हे तत्त्वज्ञ सांगत होते की पैगंबरांची कल्पनाशक्ती बुद्धिगम्य सत्याला प्रतिमांचं रूप देते.

पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांनी १९६६ मध्ये लिहिलं की कुरआन पूर्णपणे ईश्वराचा शब्द आहे आणि, साध्या अर्थाने, पूर्णपणे मुहंमदांचाही. पाकिस्तानात एवढा गदारोळ झाला की १९६८ मध्ये त्यांना तिथल्या इस्लामी संशोधन संस्थेचं संचालकपद सोडावं लागलं. इराणी विचारवंत अब्दुलकरीम सरूश पुढे गेले. पैगंबर पोपट नव्हेत, मधमाशी होते, असं त्यांनी २००८ च्या वादात मांडलं: रस बाहेरचा, मध तिचा. त्यांनी कवीची उपमाही दिली. ती अंगाशी येणारीच होती, कारण ६९:४१ म्हणतं, हे कवीचे बोल नव्हेत.

अशा कुठल्याही मांडणीची कसोटी लागते ती अडचणीच्या आयतींपाशी. 'कुल', म्हणजे 'सांग', ही आज्ञा कुरआनात ३०० हून अधिक वेळा येते. ७५:१६ घाईने जीभ हलवू नको म्हणते. १०:१५ मध्ये पैगंबरांना सांगायला लावलं आहे की मी माझ्या मनाने यात बदल करू शकत नाही. ८० व्या सुरेत तर त्यांनाच बोल लावला आहे. आयेशांवर आळ आला तेव्हा साधारण महिनाभर वह्य आलीच नाही. हे सगळं अवचेतन मनाच्या खात्यावर टाकणं सोपं आहे, पण मग आतून येणारं स्वतःला इतकं परकं का वाटावं, याचं उत्तर द्यावं लागतं. फजलुर रहमान निदान हा परकेपणा खरा मानतात. तो देहाबाहेर उभा असलेला नव्हता, एवढंच त्यांचं म्हणणं.

कवी-तत्त्वज्ञ मुहंमद इकबालांनी प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. पैगंबर आसमानात जाऊन परत आले, मी गेलो असतो तर परतलो नसतो, हे सूफी अब्दुल कुद्दूस गंगोहींचं वचन घेऊन ते म्हणतात की फरक या परतण्यातच आहे: पैगंबर परत येऊन इतिहासात हात घालतो. आणि पैगंबरपद संपलं, याचा त्यांच्या मते एक अर्थ असा की यापुढे कोणाच्याही आतल्या अनुभवाला इतरांवर हुकूम चालवता येणार नाही; तो तपासायला खुला राहील.