नऊ नंबर सोडायचा नाही

मॅच होऊन तीन आठवडे झाले. २-१ ने हरलो. हरण्याचं काही नाही, शाळेच्या फुटबॉल टीमा घेऊन चौदा वर्षं कोल्हापुरात हरत-जिंकत आलोय. पण हाफटाइमला एका पोराला सगळ्यांसमोर जे बोललो, ते डोक्यातून जात नाही.

पीटी सरांचं काम म्हणजे शिट्टी फुंकणं, असा लोकांचा समज. खरं काम कागदांचं: जन्मदाखले, बोनाफाईड, फोटोवर शिक्के. त्यातून उरलेल्या वेळात सकाळी सहाला मैदान, तेही पेठेतल्या मोठ्या टीमनं आधी अडवलं नसेल तर.

आमची रचना ४-४-२: चार बॅक, त्यांच्या पुढं चार हाफ, सगळ्यांत पुढं दोन फॉरवर्ड. शाळकरी पोरांना तीच झेपते, प्रत्येकाला शेजारी जोडीदार दिसतो. समोरचेही कागदावर ४-४-२ च. त्यांच्या नऊ नंबरनं आदल्या मॅचला तीन गोल मारलेले मी पाहिले होते, म्हणून माझ्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बॅकला, बजावलं, "नऊ नंबर सोडायचा नाही. तो पाणी प्यायला गेला तर तूपण जायचं."

तो नऊ नंबर त्या दिवशी पुढं उभाच राहिला नाही. गोलकडं पाठ करून थेट आमच्या हाफांच्या ओळीत येऊन बॉल मागायचा. माझा स्टॉपर इमानदारीत त्याच्या पाठीला चिकटून वर. नऊ नंबर एका टचमध्ये बॉल मागं द्यायचा, आणि स्टॉपरनं सोडलेल्या जागेत त्यांचा उजव्या कडेचा विंगर तिरका घुसायचा. दुसरा स्टॉपर तिथून चार पावलांवर, पण त्याच्या गळ्यात त्यांचा दहा नंबर. ऑफसाइड मिळाला असता, पण आमचा लेफ्ट बॅक लाइन सोडून मागं रेंगाळलेला. पंचवीस मिनिटांत दोन गोल, दोन्ही त्याच भगदाडातून.

आणि मी? मी बॉलकडं बघत होतो. हाफटाइमला त्या पोरावर ओरडलो, "तुझी जागा कुठं, तू फिरतोयस कुठं? डिफेन्स काय तुझा बाप सांभाळणार?"

लाज याची वाटते की हाच धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. १९५३, वेम्बली. हंगेरीचा हिदेगकुटी, पाठीवर नऊ नंबर, खेळायचा मात्र खाली उतरून. इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे त्यांच्या स्टॉपरला, कळेना, त्याच्या मागं जावं तर पाठीमागं खिंडार, न जावं तर तो मोकळा. हंगेरी ६-३ नं जिंकली, तीन गोल त्याच हिदेगकुटीचे. पोरांना तो माहीत नसतो, म्हणून २००९ चा मेस्सी जोडतो: बार्सिलोनाचा कोच गार्डिओलानं त्याला विंगवरून मधे आणलं, मधला फॉरवर्ड एटोला उजवीकडं धाडलं, आणि बार्सिलोना रिअल माद्रिदच्या घरात ६-२ नं जिंकली. आकडे फळ्यावर राहतात, खेळतो तो माणूस, हे वाक्यसुद्धा मीच टाळ्यांसाठी टाकतो.

दुसऱ्या हाफला जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. एक फॉरवर्ड काढला, सहा नंबरला चार बॅकच्या पुढं बसवलं: खाली उतरलेला नऊ नंबर तुझा. स्टॉपरला सांगितलं, हाफ लाइनकडं दोन पावलं जा, मग त्याला सहाच्या हवाली कर आणि परत ये. ४-१-४-१. भगदाड बुजलं, मधली तीन-विरुद्ध-दोनची ओढाताण संपली, एक गोलही फेडला. गॅलरीतून मात्र काढलेल्या फॉरवर्डचा काका शेवटपर्यंत ओरडत होता, "मास्तर, फॉरवर्ड काढून काय सत्यनारायण घालताय?" कोल्हापुरात कोच नसलेला माणूस गॅलरीत बसत नाही.

मॅच संपल्यावर मी बॉल जाळीत भरत होतो. स्टॉपर शेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. वर न बघताच म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालासा की, सोडू नको म्हणून. मी सोडलोच न्हाई त्याला."

मी म्हणालो, "उद्या सहाला ये."

आला. रोज येतोय. अजून त्याला माझी चूक होती असं म्हटलेलं नाही. पीटी सर पोरांना सॉरी म्हणत नाहीत, असं आमच्या स्टाफरूममध्ये मानतात, आणि मीही त्यातलाच. काल सरावात एका पोराला मुद्दाम नऊ नंबर करून खाली उतरवलं. स्टॉपर त्याच्यामागं दोन पावलं गेला, थांबला आणि बॉल सोडून माझ्याकडं बघत राहिला.