माउथ ऑर्गनसाठी गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर

माझ्याकडचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे 1950च्या दशकातल्या फेंडर चॅम्पच्या 5एफ1 या सर्किटबरहुकूम बांधलेली प्रतिकृती आहे. त्यात सिग्नल वाढवणारा एक 12एएक्स7 व्हॉल्व्ह (म्हणजे काचेची निर्वात नळी), स्पीकर चालवणारा शेवटचा 6व्ही6 व्हॉल्व्ह, एसीचा डीसी करणारा एक 5वाय3 रेक्टिफायर, आठ इंची स्पीकर आणि आवाजाचे एकच बटण एवढाच संसार आहे, आणि ताकद जेमतेम पाच वॉट. गिटारला तो उत्तम साथ देतो. मात्र जुन्या पद्धतीचा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा बुलेट मायक्रोफोन माउथ ऑर्गनसह ओंजळीत धरून वाजवायला लागलो, की बटण तीनच्या पुढे सरकताच खोलीभर शिट्टी घुमायची.

कारण उघड आहे. गिटारचा पिकअप तारेचे कंपन चुंबकाने टिपतो आणि हवेतल्या आवाजाकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. मायक्रोफोन मात्र स्पीकरमधून आलेला आपलाच आवाज पुन्हा ऐकतो, तो अ‍ॅम्प्लिफायरकडे परत पाठवतो आणि हे चक्र वाढत जाते. शिकागोच्या ब्लूज वादनातला जो भरदार, किंचित फाटलेला स्वर माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरच्या 1952 सालच्या ‘ज्यूक’ या धूननंतर सर्वतोमुखी झाला, त्या जातीच्या स्वरासाठी शेवटचा व्हॉल्व्ह दमेपर्यंत आवाज चढवावा लागतो, आणि शिट्टी तर त्याच्या कितीतरी आधी वाट अडवते.

पहिला उपाय मी आळसाने केला. या सर्किटला दोन इनपुट असतात आणि दुसऱ्यात सिग्नल निम्मा होतो, म्हणून तिथे वायर लावली. शिट्टी कमी झाली खरी, पण स्वर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. त्या इनपुटचा रोध फक्त 136 किलोओहम असतो, आणि माझ्या मायक्रोफोनमधला, आवाजाची वीज करणारा स्फटिक विद्युतदृष्ट्या एखाद्या लहानशा कपॅसिटरसारखा वागत असल्यामुळे इतक्या कमी रोधावर त्याचे खालचे स्वर वाहून जातात. म्हणजे तोटी शोधायची ती याच्या पुढे, व्हॉल्व्हमध्ये.

12एएक्स7चा वर्धन-गुणांक, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, 100 आहे. त्याच खोबणीत, त्याच पिनांवर बसणाऱ्या 5751चा 70, 12एवाय7चा सुमारे 45 आणि 12एयू7चा 20च्या आसपास. चॅम्पमध्ये सिग्नलचे पहिले दोन्ही टप्पे एकाच बाटलीत असल्यामुळे व्हॉल्व्ह बदलला की घट दोन्हीकडे होते, हे मला आधी ध्यानात आले नव्हते. त्यामुळे 12एयू7 लावल्यावर 6व्ही6 झोपूनच राहिला, 5751ने फारसा फरक पडला नाही, आणि 12एवाय7वर गाडी बरोबर थांबली. आता बटण आठपर्यंत जाते. पहिल्या टप्प्यांची हाव कमी केल्यावरच आवाज वाढला, हे ऐकायला विचित्र वाटते. पण गिटारवाले ज्या बदलांनी अ‍ॅम्प्लिफायर ‘गरम’ करतात, त्यांच्या नेमके उलट आपल्याला करायचे असते.

दुसरा बदल पहिल्या ग्रिडवरच्या, म्हणजे सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो त्या जाळीवरच्या, रोधाचा. तिथला 1 मेगाओहम काढून 4.7 मेगाओहम लावला, म्हणजे स्फटिकावरचा भार हलका झाला आणि छातीतून यावा तसा खर्ज परत आला. स्फटिकाऐवजी चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेल्या, म्हणजे चुंबकीय घटकाच्या मायक्रोफोनला या बदलाचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा कपलिंग कपॅसिटर 0.02 मायक्रोफॅरडवरून 0.1 करावा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो पाळला आणि मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. मग कागदावर हिशेब केला. 6व्ही6च्या 220 किलोओहम रोधासमोर 0.02 मायक्रोफॅरडची खालच्या स्वरांची छाटणी साधारण 36 हर्ट्झला सुरू होते, आणि सी पट्टीच्या दहा छिद्रांच्या माउथ ऑर्गनचा सर्वांत खालचा स्वर 262 हर्ट्झचा असतो. जो स्वर वाद्यात नाहीच, त्याच्यासाठी दार रुंद करण्यात अर्थ नाही. जुने कपॅसिटर परत लावले.

उलट, आवाजाच्या बटणाच्या वरच्या टोकापासून अर्थला जोडलेल्या 1000 पिकोफॅरडच्या एका लहानशा कपॅसिटरने काम केले. कर्कश स्वर तिथेच उतरतात, आणि शिट्टी बहुधा त्याच स्वरांवर धरते. स्पीकरकडून परत येऊन वर्धन आवरणारा सिग्नल, म्हणजे ऋण प्रतिपोष, एका स्विचवर घेतला आहे. तो तोडला की स्वर मोकळा आणि रांगडा होतो, पण शिट्टीची धास्तीही वाढते, म्हणून घरी तो बहुतेक वेळा जोडलेलाच असतो.

हे सारे करताना एक गोष्ट हलक्यात घेऊ नये. वायर भिंतीतून काढल्यानंतरही वीजपुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरांत 300 व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो. रोधामार्फत तो उतरवायचा, मीटरने शून्य पाहायचे आणि मगच सोल्डरिंग गन हातात घ्यायची. माझे यंत्र अमेरिकी दाबावर चालणारे असल्यामुळे आपल्या 230 व्होल्टसाठी मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची वेगळी गुणगुण सुरुवातीला मी अ‍ॅम्प्लिफायरचीच समजून दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

राहता राहिला तो स्फटिक. रोशेल मिठाचा हा पातळ तुकडा ओलाव्याने विरघळतो आणि उष्णतेनेही बिघडतो. पुण्यातला माझा पहिला मायक्रोफोन एका जुलैत असा काही मुका झाला, की दोन दिवस मी बिचाऱ्या 12एवाय7लाच दोष देत होतो. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत चुंबकीय घटकाचा मायक्रोफोन वापरतो. त्याचा स्वर थोडा सरळसोट आहे, पण ओंजळ घट्ट आवळली की तोही बराच जाड होतो. स्फटिकाचा मायक्रोफोन दसऱ्याला डब्यातून बाहेर येतो.