काचेची कौलं गळत नाहीत का?

गणपतीला गावी आलेला मुंबईकर आमच्या माजघरात शिरला की आधी मान वर करतो आणि मग विचारतो, ‘काकू, ही काचेची कौलं गळत नाहीत का हो? आम्हालाही बसवायचीत.’ आरतीच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

काच गळत नाही. इथे देवगडकडे आमचं घर शाकारणारे, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून देणारे, आबा म्हणतात, ‘काच गळणा नाय, बाजूचा कौल गळता.’ मंगलोरी कौलांच्या कडांना खाचा असतात. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि वरचं कौल खालच्यावर चढतं. काचेचं कौलही त्याच घडणीचं. पण बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं कितीतरी कारखान्यांनी काढली आणि सगळ्यांचे साचे तंतोतंत सारखे नाहीत. म्हणून दुकानात जाताना घरावरचं एक कौल पिशवीत घालून न्या आणि काचेच्या कौलाला तिथेच जोडून बघा. डुगडुगलं तर घेऊ नका. ‘फटीत सिमेंट भरून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सिमेंटला तडा जायचा तो जातोच, वर पुढच्या वेळी ते कौल न फुटता निघत नाही.

किती बसवायची, यावर आमच्या घरातही एकमत नाही. माझं मत विचाराल तर एका खोलीला दोन पुष्कळ. देवगड-रत्नागिरी पट्ट्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा छपराचं उत्तरेचं पाखं, म्हणजे उतरती बाजू, काय नि दक्षिणेचं काय, ऊन थेट जमिनीवर उतरतं. आधीच घामाने जीव नकोसा झालेला, त्यात हे. इतर वेळी, विशेषतः थंडीत, उत्तरेच्या पाख्यावर ऊन तिरपं आणि मवाळ पडतं, म्हणून निवड असेल तर तीच बाजू घ्या. बिछान्यावर आणि लोणच्याच्या बरण्यांवर काच नको. दोन पाखी जिथे मिळतात तिथे पाण्याचा लोंढा असतो, तिथेही नको. आणि माडाखाली तर नकोच. नारळ काच बघून पडत नाही.

आता खरी गोष्ट, निगा. मे सरता सरता शाकारणीला माणूस वर चढतो, तेव्हा काचेचं प्रत्येक कौल त्याच्याकडून खाली उतरवून घ्या. पाखावर ठेवूनच फडकं मारणं म्हणजे धूळ इकडची तिकडे. आमच्याकडे उतरवलेलं कौल पाहाल तर वरून हिरवं बुळबुळीत, खालून चुलीच्या धुराने तपकिरी, हाताला चिकट. ते काथ्याने आणि साबणाने निघतं. पण नीट बघायची ती खाच. आंब्याचा वाळका मोहोर, पानांचा चुरा, माती आणि मुंग्यांचं घर असं सगळं तिथे ठासून बसलेलं असतं. झडीचं पाणी या बोळ्याला अडलं की खाचेतून खाली वाहण्याऐवजी कडेवरून आत उतरतं, आणि लोक म्हणतात काच गळते! माडाच्या हिराने, म्हणजे पानाच्या कडक काडीने, खाच कोरून काढायची, शेजारच्या कौलांचीसुद्धा. खालची रीप, म्हणजे कौल टेकतं ती लाकडी पट्टी, बोटाने दाबून बघायची. मऊ लागली तर बदलायची. हे सगळं पावसाआधी. भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर कुणाला चढवू नका, ठिपकत असेल तिथे पातेलं ठेवा.

कौलं फोडणाऱ्या वानरांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांना कंटाळूनच कितीतरी घरांनी कौलं उतरवून पत्रे घातले.

पत्र्याच्या घरात उजेडासाठी पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या प्लास्टिकचं, पान घालतात. त्याच्या बहुतेक पानांना उन्हापासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वरच्या फिल्मवर छापलेली असते. कारागीर घाईत फिल्म आधीच सोलून टाकतात, मग पान उलटं बसतं आणि लवकर पिवळं पडतं. स्क्रूपेक्षा भोक थोडं मोठं ठेवायला सांगा, कारण हे पान उन्हात फुगतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खारी हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही.

स्लॅबचं घर बांधताय? मग झरोक्याची जागा स्लॅब ओतण्याआधीच सोडा. मागाहून फोडायचं तर सळ्या कापाव्या लागतात, ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. भोकाभोवती वीतभर कठडा, वॉटरप्रूफिंग त्या कठड्यावर चढवलेलं आणि काच उतरती. काच लॅमिनेटेड घ्या. ती फुटली तरी मधल्या थराला तुकडे धरून राहतात, अंगावर पडत नाहीत.

आणि कौलं आणाल तेव्हा दोन जास्तीची आणा. ऐन श्रावणात एखादं फुटलं तर त्याच साच्याचं दुकानात मिळेलच असं नाही. आमची माळ्यावर पेंढ्यात ठेवलेली आहेत, हवी तर माप बघायला घेऊन जा.