आमची आरव्ही भाड्याने जायला लागली त्याआधी लिस्टिंगवर केलेले उद्योग

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या बऱ्याच मराठी घरांत सध्या एकतर आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, असते नाहीतर आरव्ही घ्यायचा विचार तरी चालू असतो, आणि मला दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की तुमची गाडी उन्हाळ्यात सारखी बुक कशी असते, आमची तर यार्डात धूळ खात पडलीय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

गाडी घेतली कोविडच्या काळात. तेव्हा अमेरिकेत सगळ्यांनाच आरव्हीचं वेड लागलेलं, २०२१ या एका वर्षात इथल्या कंपन्यांनी ६ लाख आरव्ही बाजारात काढल्या म्हणजे बघा. आमची सेकंडहँड, क्लास सी, २४ फुटी, म्हणजे पुढे फोर्डच्या व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक पुढे आलेला असतो ती. पहिली दोन वर्षं हौसेने फिरलो, मग मुलांचे सॉकर आणि स्विमिंगचे वीकेंड सुरू झाले आणि गाडी उभीच. फ्रीमाँटला घरासमोर लावता येत नाही, एचओए, म्हणजे सोसायटीची कमिटी, लगेच पत्र पाठवतं, म्हणून ट्रेसीच्या बाजूला स्टोरेज यार्डात जागा घेतलेली, तिचं भाडं, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन हे सगळं गाडी हलो न हलो चालूच. म्हणून नवऱ्याने ती भाड्याने द्यायच्या साइटवर टाकली.

नवरा हार्डवेअर इंजिनियर. त्याने लिस्टिंग लिहिलं म्हणजे डेटाशीटच होती ती, चॅसिसचा नंबर, टाक्यांचे गॅलन, एसीचे बीटीयू, टायरचं वर्षसुद्धा. फोटो यार्डातले, मागे काटेरी तारेचं कुंपण आणि शेजारी दुसऱ्याच कोणाची तरी ताडपत्री घातलेली बोट. चौकश्या यायच्या, तो प्रामाणिकपणे उत्तरं द्यायचा, पण माणूस पुढे बुक काही करायचा नाही. शेवटी मी म्हटलं लॉगिन दे इकडे.

मी पहिलं काय केलं तर जुने सगळे मेसेज काढून वाचत बसले. आणि वाचता वाचता लक्षात आलं की चौकशी करणारे जवळजवळ सगळेच पहिल्यांदा आरव्ही भाड्याने घेणारे आहेत आणि सगळे घाबरलेले आहेत. त्यांना बीटीयूशी काही घेणंदेणं नाही. त्यांना विचारायचंय की मला चालवता येईल का, वेगळं लायसन्स लागतं का, रात्री लाइट जाणार तर नाहीत ना, आणि ते टॉयलेटचं रिकामं करायचं असतं ते फार घाण असतं का. हे शेवटचं थेट कोणी विचारत नाही, फिरवून विचारतात, पण मनात सगळ्यांच्या तेच असतं. मग मी ठरवलं की मेसेजमधला प्रत्येक प्रश्न लिस्टिंगमध्ये एकतर वाक्य म्हणून आला पाहिजे नाहीतर फोटो म्हणून, आणि गाडीचं कौतुक जेवढं कमी तेवढं बरं.

आधी फोटो, कारण लोक वाचतात नंतर. लिव्हरमोरजवळच्या डेल व्हॅलेला एक रात्र कँपसाइट घेतली, मार्चमध्ये गेलो, तेव्हा इथले डोंगर हिरवे असतात, जूनपासून सगळं वाळून पिवळं पडतं. सकाळी लवकर, सगळे पडदे उघडून, आतले लाइट लावून, चादरी घातलेल्या, टॉयलेटचं झाकण बंद. बाहेरून ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूची कापडी सावली, उघडलेली, खाली चार खुर्च्या आणि टेबल. हा फोटो पहिला लावला. दुसरा ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारी काच, आरसे आणि रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन, कारण भीती तिथे असते. बंकवर टेप धरून फोटो काढला की गादीपासून छत किती उंच आहे, नवरा म्हणाला असं कोण टाकतं, पण सहा फुटी माणसाला तेच बघायचं असतं. नंतर एका पाहुण्याने मुद्दाम लिहून कळवलं की त्या टेपवाल्या फोटोमुळेच तुमची गाडी घेतली, बाकीच्यांनी सगळ्यांनी वाइड लेन्सने काढून पाच सीटच्या गाडीचा बंगला केलेला असतो.

मग झोपायच्या जागा. आधी लिहिलं होतं सहा जण झोपतात. कागदावर बरोबर आहे, मागचा बेड, वरचा बंक आणि डायनेट, म्हणजे जेवायचं टेबल-बाकं, मोडून होतो तो. पण डायनेटवर दोन मोठी माणसं झोपवायची म्हणजे एकाने तरी रात्रभर कुशीवरच राहायचं. आणि मोठा मुद्दा म्हणजे झोपायच्या जागा सहा असल्या तरी सीटबेल्ट आमच्या गाडीत पाचच आहेत, चालत्या गाडीत सहावा माणूस बसणार कुठे. भारतातून आई-बाबा आलेत, दोन मुलं, आम्ही दोघं असं सहा जणांचं कुटुंब हमखास विचारायला यायचं आणि बेल्टचं कळलं की गळायचं. मी सरळ लिहिलं, चार मोठे किंवा तीन मोठे दोन मुलं, बेल्ट ५, कारसीट कुठल्या जागेवर बसते त्याचा फोटो. सहाच्या सर्चमधून आम्ही गेलो, पण वायफळ चौकश्या बंद झाल्या आणि उत्तरं द्यायचा वेळ वाचला. साइटवर उत्तराचा वेग पण दाखवतात बरं का, तासाभरात उत्तर दिलं तर वर दिसता, म्हणून मी सगळी नेहमीची उत्तरं फोनमध्ये सेव्ह करून ठेवलीत.

लायसन्सचं एका ओळीत संपवलं. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतच्या मोटरहोमला साधं कारचं लायसन्स चालतं, आमची २४ आहे, विषय संपला.

विजेचं मात्र नीट समजावून लिहावं लागलं कारण सगळ्यात जास्त फोन त्यावरूनच यायचे, तेही रात्री. कँपग्राउंडला हुकअप, म्हणजे गाडीला वीज जोडायची सोय, असेल तर ३० अँपिअर मिळतात, १२० व्होल्टने म्हणजे एकूण ३६०० वॅट. त्यातले दीडेक हजार एकटा एसी खातो, वरून मायक्रोवेव्ह लावला आणि आत कोणी हेअर ड्रायर घेतला की ब्रेकर पडलाच, आणि मग लोकांना वाटतं गाडी बिघडली. योसेमिटी नॅशनल पार्कात तर हुकअपच नाहीत, जनरेटर लावायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. रात्री एसी नाही म्हणजे नाही. हे आधी न सांगता बुकिंग घेतलं की रिव्ह्यूमध्ये एसी चालत नव्हता असं येतं. अजून एक म्हणजे जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की तो बंद पडतो, मुद्दाम तसं केलेलं असतं, जंगलात अडकून पडू नये म्हणून. हे पण लिहिलं. आणि एका आजोबांनी विचारलं होतं की झोपेत लावायचं सीपॅप मशीन रात्रभर चालेल का, ते तेव्हा चालत नव्हतं, नवऱ्याने मग छोटा इन्व्हर्टर बसवला, बॅटरी पण बदलली, आणि मी लिस्टिंगमध्ये टाकलं की हुकअप नसेल तरी सीपॅप चालतं. त्या एका वाक्यावर रिटायर्ड जोडपी येतात, तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा सुरू झाल्यावर, जेव्हा बाकी गिऱ्हाईक कमी असतं. आणि ही मंडळी गाडी आमच्यापेक्षा स्वच्छ करून देतात.

किमतीचं गणित माझ्या आवडीचं. बहुतेक मालक रोजचा रेट कमी दाखवतात आणि मग क्लीनिंग फी, गाडी तयार करून द्यायची प्रेप फी, अमुक फी असं वर चढवत नेतात. मी स्वतः गिऱ्हाईक बनून आसपासच्या गाड्या त्याच तारखांना शेवटच्या पेमेंटच्या पानापर्यंत नेऊन बघितल्या, आणि तिथला एकूण आकडा लिहून घेतला, कारण माणूस तोच बघून ठरवतो. मग प्रेप फी काढून रेटमध्येच घातली. मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, एक रेट आणि किमान ३ रात्री, बाकी वर्षभर कमी आणि २ रात्री चालतात. दोन बुकिंगच्या मध्ये अडकलेल्या रात्री असतात त्या स्वस्तात सोडायच्या का हा आमच्या घरात कायमचा वाद आहे, मी सोडत नाही, मध्ये एक दिवस गाडी नीट बघायला मिळतो.

मैलांचं आधी रोजचे १०० फुकट असं होतं, बहुतेकांचं तसंच असतं. पण फ्रीमाँटहून योसेमिटी व्हॅलीला जाऊन-येऊन तीनशेच्या पुढे जातं, आत फिरणं वेगळं, म्हणजे ३ दिवसांच्या ट्रिपमध्ये प्रत्येकाला शेवटी थोडे पैसे जास्त भरावे लागायचे, रक्कम किरकोळ पण जाताना तोंड वाकडं व्हायचं. मी रोजचे १२५ केले, रेट थोडा वाढवला, आणि लिहिलं की योसेमिटी या मैलांत बसतं. पेट्रोलचं पण लिहिलं, गॅलनला ८ ते १० मैल, जास्तीची अपेक्षा नको.

मग नाही म्हणायच्या गोष्टी. त्या पण तितक्याच स्पष्ट लिहायच्या. बर्निंग मॅन या नेवाडातल्या वाळवंटी मेळ्याला नाही, कारण ब्लॅक रॉकच्या वाळवंटातली ती पांढरी क्षारांची धूळ फ्रिजच्या मागेसुद्धा जाते आणि निघत नाही. उन्हाळ्यात डेथ व्हॅली नाही. डिसेंबर ते मार्च बर्फातलं टाहो नाही, पाइप गोठतात आणि टायरला चेन लावायच्या भानगडी. सिकोयाला जाणाऱ्यांसाठी सूचना की दक्षिणेकडून येणाऱ्या जनरल्स हायवेवर २२ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नका असं पार्कवालेच सांगतात, तेव्हा किंग्ज कॅन्यनच्या बाजूने जा. आणि योसेमिटीची कँपसाइट आधी घ्या मग गाडी घ्या, बहुतेक जागा ५ महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतात आणि मिनिटांत जातात. नवरा म्हणाला तू गिऱ्हाईकं पळवतेयस. पण कँपसाइट न मिळाल्यामुळे कॅन्सल करणारे त्यामुळे खूप कमी झाले.

स्वयंपाकाबद्दल मी एक ओळ घातली ती वाचून आमचे मित्र हसतात. फोडणी बाहेर. गाडीत गॅसची शेगडी आहे, चहा, मॅगी, उपमा काय ते आत करा, पण मिरचीची फोडणी आणि मासे बाहेरच्या कँप स्टोव्हवर, तो आम्ही फुकट देतो. मला स्वतःला मालवणी मसाल्याशिवाय जेवण जात नाही, म्हणूनच सांगतेय, पडद्यांत बसलेला तो वास पुढच्या गिऱ्हाइकाला चालत नाही.

आता मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. लिस्टिंगची लिंक तिथे टाकली तर पहिला प्रश्न काय, साइटवरून कशाला, डायरेक्ट द्या ना, कमिशन वाचेल दोघांचं. मी नाही म्हणते, ओळखीतल्यांना पण. आमच्या स्वतःच्या आरव्ही पॉलिसीत भाड्याने दिलेली गाडी कव्हर होत नाही, बहुतेकांच्या होत नाही, कव्हर मिळतं ते साइटवरून बुकिंग केलं तेवढ्या दिवसांचं. ओळखीच्या माणसाने आरसा तोडला तर पैसे मागायचे कोणत्या तोंडाने, आणि अ‍ॅक्सिडेंट झाला तर घर विकायला काढायचं का. एकदोघांना राग आला. येऊ दे.

पहिले काही रिव्ह्यू येईपर्यंत कठीण जातं. आम्ही सुरुवातीच्या पाहुण्यांना गाडी दाखवायला निवांत तासभर दिला, आणि आता त्यातलंच छोट्या छोट्या व्हिडिओंमध्ये टाकलंय, कपाटाच्या आतल्या बाजूला क्यूआर कोड चिकटवलेत. टाकी रिकामी करायचा व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितला जातो, आधी काळी टाकी, म्हणजे टॉयलेटची, मग करडी, म्हणजे सिंक-शॉवरच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो, हातमोजे ड्रॉवरमध्ये, दहा मिनिटांचं काम. व्हिडिओत मी स्वतः करतेय, नवरा नाही, मुद्दाम. ते बघून बऱ्याच बायका स्वतः बुक करतात असं मला वाटतं, मेसेज तरी तेव्हापासून त्यांचे जास्त यायला लागलेत. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात गाडीची उंची लिहिलीय, ड्राइव्ह-थ्रूमध्ये घुसू नये म्हणून, आणि योसेमिटीला जाणाऱ्यांना आदल्या रात्री मेसेज जातो की फोनवरचा मॅप ओल्ड प्रीस्ट ग्रेडने जायला सांगेल, ऐकू नका, १२० नंबरच्या हायवेवरच राहा, तो जुना घाट फार खडा आहे, आणि उतरताना टो-हॉलचं, म्हणजे गिअरने वेग धरून ठेवणारं, बटण दाबा, सारखा ब्रेकवर पाय नको.

एका पाहुण्याने टाकीचा वास येतो म्हणून तीन स्टार दिले होते. वाद घातला नाही, खाली दोन ओळींत लिहिलं की व्हेंटचं झाकण तुटलं होतं, बदललं. नवीन माणूस आधी वाईटच रिव्ह्यू उघडतो, मग मालक काय म्हणतोय ते बघतो.

सध्या कुत्र्यांचं चाललंय. पेट चालतात अशी खूण केली तर सर्चमध्ये कितीतरी जास्त लोकांना दिसतो, कारण इथे कुत्र्याशिवाय कोण कँपिंगला जातं, पण केस राहतात आणि अ‍ॅलर्जीवाल्याला ते चालत नाही. नवरा साफ नको म्हणतो. मी ऑक्टोबरपासून सीझन उतरल्यावर दोन महिने करून बघणार आहे, एकच कुत्रा, वेगळी फी, सीटवर कव्हर, आणि पाळीव प्राणी येतात हे पहिल्याच परिच्छेदात लिहून. कव्हर मागवलीत, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.